द्वंद्वखेळांतील आस्वादाचे स्थान

‘कॅपकॉम’ या जपानी संस्थेच्या ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) पासून द्वंद्वप्रधान व्हिडिओ गेमला जी लोकप्रियता लाभली, तिचे मूळ हिंसेच्या दर्शनात असल्याचे सामान्यतः मानले जाते. हे मत टिकण्यासारखे नाही. हाणामारीचे दृश्य दहाव्या खेपेस शिळे होते. खेळणारा मात्र शेकडो खेपांनंतरही परततो. त्या खेळातील एकात एक गुंफलेले आघात, म्हणजे ‘कॉम्बो’, मुळात रचनाकारांना अभिप्रेतही नव्हते. पुढे तेच या प्रकाराचे व्याकरण ठरले.

तथापि आस्वादाचे खरे मर्म ‘थर्ड स्ट्राइक’ (१९९९) मध्ये उलगडते. नेहमीचा बचाव जॉयस्टिक मागे ओढून होतो. विशेष आघात मात्र त्यातूनही थोडी शक्ती खरवडून नेतो. ‘पॅरी’साठी आघाताच्या नेमक्या क्षणी ती प्रतिपक्षाच्या दिशेने ढकलावयाची असते. साधल्यास हानी शून्य, चुकल्यास वार उघड्या अंगावर. २००४ साली कॅलिफोर्नियातील ‘इव्हो’ स्पर्धेत दाइगो उमेहाराच्या ‘केन’ची शक्ती नाममात्र उरली असता, जस्टिन वाँगच्या ‘चुन-ली’चे लागोपाठ पंधरा आघात त्याने असे परतविले व तो सामना जिंकला. (स्पर्धा त्याने जिंकली नाही, हे सहसा विसरले जाते.) प्रेक्षकांनी हस्तलाघवाला दाद दिली, परंतु पहिला पॅरी जवळजवळ अंदाजानेच साधावा लागतो. वाँगचा अधीरपणा उमेहाराने आधी वाचला नसता, तर ते लाघव व्यर्थ होते. मोजकी पात्रे इतरांहून उघडच बलिष्ठ असणे हा या खेळाचा दोष खरा. पण प्रतिपक्षाचे मन वाचण्याच्या या सुखाला त्याने फारशी बाधा येत नाही.