घरोघरीची ज्ञानगंगा आणि घरची बोली

१९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारून मराठीत स्वयं-अध्ययनाची पुस्तके सिद्ध केली, हे कार्य निःसंशय मोठे होय. २०१७ च्या ‘स्वयम्’ या केंद्रीय आंतरजालीय योजनेत मात्र इंग्रजीचेच प्राबल्य आढळते. यवतमाळ जिल्ह्यात कोलामी व गोंडी या द्राविडी, तर बंजारा ही आर्यकुलीन बोली नांदते. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्येच प्रसिद्ध झाला. कोलाम विद्यार्थ्यास प्रमाण मराठीही शिकूनच घ्यावी लागते. वर्गातील अध्यापक श्रोत्यांची मुद्रा पाहून वाक्य पालटतो. मुद्रित पाठास ते साधत नाही. सबब अशा पाठांना स्थानिक बोलींतील परिभाषा-विवरणाची जोड देणे अगत्याचे ठरते.