लिआंग काईच्या ‘लि बाइ’ चित्राची साक्ष

चीनमधील दक्षिण सुंग राजवटीचा चित्रकार लिआंग काई यानें काढलेलें, आणि ‘काव्य गुणगुणत चालणारा लि बाइ’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें, एक चित्र टोकियो येथील राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत आहे. कागदावर केवळ शाईनें काढलेला हा उभा, अरुंद पट सुमारें ८१ सेंटिमीटर उंच व ३० सेंटिमीटर रुंद आहे.

पटांत पायघोळ झगा ल्यालेला एकच पुरुष आहे. भूमि नाहीं, आकाश नाहीं, छायाहि नाहीं. झगा मोजक्या, रुंद व वेगवान् फटकाऱ्यांनीं उभा केला आहे; किंचित् वर उचललेल्या मुखावर मात्र कुंचला सूक्ष्म व सावध झाला आहे. वस्त्राच्या वेगामुळें चाल दिसते आणि मुखाच्या सावधपणामुळें ती चाल अंतर्मुख वाटते.

असल्या चित्रास अपुरें टांचण समजणें युक्त नव्हे. लिआंग काई हा १२०१ ते १२०४ या काळांत राजकीय चित्रशाळेंत पदस्थ होता. त्याचें रेशमावरील ‘पर्वतांतून परतणारे शाक्यमुनि’ हें चित्र त्याच संग्रहालयांत आहे. तेथेंहि झगा पांघरलेला एकाकी पुरुषच आहे. परंतु वृक्ष, खडक, वस्त्राच्या चुण्या सर्व बारकाव्यानें रंगविल्या आहेत. तेव्हां येथील अल्परेखत्व हें असामर्थ्य नसून निवड आहे. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रांत आचार्यांचा कौल रेषेला आणि सामान्य जनांचा रंगसमृद्धीला दिला आहे. यावरून भारतीय शास्त्राचा या चित्रकारावर प्रभाव सिद्ध होत नाहीं. तथापि निकष म्हणून तें वचन येथें चपखल लागू पडतें.

आतां नांवाविषयीं. लि बाइ ७६२ मध्यें वारला. चित्र त्यानंतर सुमारें साडेचारशें वर्षांनीं झालें. पटावर चित्रकाराची सही आहे, कवीचें नांव नाहीं. म्हणून यास लि बाइच्या रूपाचा पुरावा मानतां येत नाहीं. एका कवीविषयीं पुढील काळानें बाळगलेल्या भावनेचा मात्र तो उत्तम पुरावा आहे.

पटावरील फाग्स्-पा लिपींतील मुद्रा इतिहासज्ञांस विशेष उद्बोधक आहे. ही लिपि खुबिलाइ खानानें १२६९ मध्यें प्रचारांत आणली. ती तिबेटी लिपीवरून सिद्ध झाली, आणि तिबेटी लिपीचें मूळ भारतीय ब्राह्मीकुलांत आहे. मुद्रा खुबिलाइच्या पदरीं असलेला नेपाळचा शिल्पी अरनिको (१२४५–१३०६) याची असावी, असें अभ्यासक मानतात. त्याच अरनिकोनें पेकिंगचा श्वेत स्तूप उभारला.

सारांश, चित्राचें नांव परंपरेवर, कर्तृत्व सहीवर आणि पुढील प्रवास मुद्रेवर अवलंबून आहे. या तीन साक्षी पृथक् ठेवल्यास चित्राचें मोल कमी न होतां वाढतेंच. कारण पुरुष कोणीहि असो, ती रेषा स्वतःच प्रमाण आहे.