ई-फेल पेपर वाचताना: दोष कुलपाचा की सजवलेल्या पत्राचा?

'पेपर टीकात्मक नजरेनं वाच म्हणतात, म्हणजे नक्की काय करायचं?' पेट-नेटच्या तयारीत असलेल्या ज्युनियर्सकडून हा प्रश्न मला सारखा येतो. नियमांची यादी देऊन काही होत नाही, हे मी स्वतःवर करून बघितलंय. त्यामुळे आज एकच पेपर घेऊन बसू. तो मला खूप आवडतो, आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे.

पेपर 'ई-फेल' या नावानं ओळखला जातो. (पॅरिसच्या टॉवरशी संबंध नाही. ई-मेलमधला 'ई' आणि पुढे 'फेल'.) डॅमियन पोडेबनियाक आणि त्याचे सात सहलेखक, बहुतेक जण जर्मनीतल्या म्युन्स्टर आणि बोखुम इथल्या विद्यापीठांतले. ऑगस्ट २०१८ मध्ये बाल्टिमोरला झालेल्या यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत तो सादर झाला. दावा मोठा होता: ई-मेल एन्क्रिप्ट करायच्या ज्या दोन मुख्य पद्धती आहेत, ओपनपीजीपी आणि एस-माईम, त्या दोन्ही वापरूनसुद्धा मेलमधला मूळ मजकूर बाहेर काढता येतो. तपासलेल्या ३५ एस-माईम मेल क्लायंटपैकी २३, आणि २८ ओपनपीजीपी क्लायंटपैकी १० मध्ये मजकूर बाहेर न्यायची वाट सापडली.

बातमी फुटली ती त्याआधीच, १४ मे २०१८ ला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं तर सल्ला दिला की मेलमध्ये पीजीपी आपोआप उलगडणारी प्लगिन्स ताबडतोब बंद करा आणि तूर्त सिग्नलसारखं दुसरं काही वापरा. एका पेपरवरून 'एन्क्रिप्शनचं साधन काढून ठेवा' असा सल्ला निघतो, तेव्हा तो पेपर नक्की काय सिद्ध करतो हे नीट पाहायलाच हवं.

आधी सोपा हल्ला बघू. सजवलेली मेल, म्हणजे एचटीएमएल मेल, ही खरं तर पत्र नसतेच. ती तुमच्या सॉफ्टवेअरला दिलेली कामांची यादी असते: हे अक्षर ठळक कर, हा रंग दे, अमुक पत्त्यावरून चित्र आण. यातलं शेवटचं काम धोक्याचं. चित्र आणायला तुमचं मशीन कुठल्या तरी सर्व्हरला विचारतं, आणि विचारताना चित्राचा पूर्ण पत्ता पाठवतं. तो पत्ता समोरच्या सर्व्हरवर नोंदला जातो.

आता समजा तुमची एक जुनी एन्क्रिप्टेड मेल हल्लेखोराच्या हाती आहे. त्याला ती वाचता येत नाही, कारण किल्ली तुमच्याकडे. मग तो तीन तुकड्यांची नवी मेल बनवतो. पहिल्या तुकड्यात चित्र आणायची आज्ञा. तिच्यात पत्त्याचं अवतरणचिन्ह उघडलंय, पण बंद केलेलं नाही. दुसऱ्या तुकड्यात तुमची एन्क्रिप्टेड मेल, जशीच्या तशी. तिसऱ्या तुकड्यात बंद करणारं अवतरणचिन्ह. ही मेल तो तुम्हालाच पाठवतो. तुमचं सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे मधला तुकडा उलगडतं, तिन्ही तुकडे एकाखाली एक चिकटवतं आणि सगळ्याचं मिळून एक पान समजून वाचतं. अवतरणचिन्हांच्या मध्ये जे काही आहे तो चित्राचा पत्ता. म्हणजे तुमची अख्खी गुप्त मेल आता 'पत्ता' झाली, आणि ती हल्लेखोराच्या सर्व्हरकडे रवाना झाली. ॲपल मेल, आयफोनमधली मेल आणि थंडरबर्ड यांच्यावर हा प्रकार चालत होता.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते. आठ जणांनी मिळून एक अवतरणचिन्ह उघडं सोडलं!

इथेच माझं भांडण सुरू होतं. या हल्ल्यात कुठलंही कुलूप तुटलेलं नाही. एन्क्रिप्टेड मजकुराच्या एकाही बिटला हात लावलेला नाही. तरी शीर्षकात 'मोडणे' हा शब्द आहे आणि त्याच्यापुढे दोन्ही पद्धतींची नावं आहेत. सारांश उघडून बघा. सुरुवात होते ती दुसऱ्या, अवघड हल्ल्यापासून, आणि हा सोपा हल्ला थेट शेवटच्या वाक्यात येतो, काही क्लायंटच्या अंमलबजावणीतली आणखी गंभीर चूक म्हणून. संशोधनाच्या दृष्टीनं अवघड हल्ला नवीन, म्हणून तो पुढे, हे मला कळतं. रिव्ह्यूअरला नावीन्य लागतं. पण वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लावणारी गोष्ट शेवटच्या ओळीत गेली, आणि शीर्षक वाचून लोकांनी कुलूपच फेकून दिलं.

अवघड हल्लाही समजून घ्या, कारण तो नसता तर 'सगळा दोष मेल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा' म्हणून विषय मिटला असता. एस-माईममध्ये मजकूर १६-१६ बाइटच्या ठोकळ्यांत एन्क्रिप्ट होतो, आणि प्रत्येक ठोकळा आधीच्या ठोकळ्याशी बांधलेला असतो. हल्लेखोराला एका ठोकळ्यात मूळ मजकूर काय आहे हे माहीत असेल, तर आधीच्या ठोकळ्यात हिशेबानं बदल करून तो तिथे स्वतःला हवा तो मजकूर आणू शकतो, किल्ली नसताना. आणि पहिला ठोकळा बहुतेक वेळा माहीत असतोच, कारण अशा मेलची सुरुवात ठरावीक शब्दांनी होते. किंमत एवढीच, की शेजारच्या ठोकळ्याचा कचरा होतो. मग तो चित्र आणायची आज्ञा तुकड्या-तुकड्यांनी बसवतो आणि मधला कचरा ब्राउझर ज्याकडे दुर्लक्ष करतो अशा जागी लपवतो. लेखकांच्या चाचण्यांत अशा एकाच मेलमधून ५०० पर्यंत एस-माईम मेल फोडता आल्या. ओपनपीजीपीत मजकूर आधी दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे तिथे साधारण तीनांतला एकच प्रयत्न यशस्वी होतो.

त्या कचऱ्यापाशी जरा थांबा. साध्या मजकुराच्या मेलमध्ये तो कचरा तुमच्या डोळ्यांसमोर आला असता आणि तुम्ही म्हणाला असतात, 'हे काय भलतंच?' एचटीएमएल मात्र फार क्षमाशील. चुका पोटात घालते, न कळलेलं गाळते, उरलेलं सुंदर मांडते. वेबसाठी हा गुण असेल. इथे हल्ल्याचा अर्धा भार त्या गुणावर आहे. पेपरमध्ये ही गोष्ट तंत्राचा तपशील म्हणून येते. मला वाटतं तोच मुख्य शोध आहे.

आता दुसरी बाजू. पीजीपीचं प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअर म्हणजे ग्नूपीजी. त्याच्या वर्नर कॉख यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: एचटीएमएल मेल वापरू नका, आणि मजकुरात ढवळाढवळ झाली की ओळखणारी तपासणी आमच्याकडे कधीचीच आहे, क्लायंटवाले आमची सूचना ऐकत नाहीत. २००७ च्या ओपनपीजीपी मानकात ती तपासणी खरंच आहे. पण ती नसलेली मेल आली की ग्नूपीजी इशारा द्यायचं, आणि सोबत उलगडलेला मजकूरही हातात ठेवायचं. दूध नासलंय असं सांगत कपात ओतून देण्यासारखं. जून २०१८ च्या २.२.८ आवृत्तीत त्यांनी तपासणी नसलेल्या मेलसाठी थेट नकार द्यायला सुरुवात केली. म्हणजे पेपरचा बाण योग्य ठिकाणी लागला होता. एस-माईमचं तर २०१९ चं नवं मानक याच हल्ल्याचा उल्लेख करून छेडछाड ओळखणारं एन्क्रिप्शन सुचवतं.

पण एवढ्यानं सोपा हल्ला थांबतो का? नाही. तिथे मजकुरात छेडछाड झालेलीच नाही, मग तपासणी पकडणार काय? पेपरच्या उपायांच्या भागात वेगवेगळ्या तुकड्यांना एकमेकांपासून अलग ठेवायची सूचना आहे. लेखक अप्रामाणिक नाहीत. सारांशात मात्र मानकं बदलायला हवीत यावर भर, आणि हे बाकीचं म्हणजे चूक. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, याच गटातल्या येन्स म्युलर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक युक्ती दाखवली. एन्क्रिप्टेड तुकडा मेलमध्ये ठेवायचा, सजावटीच्या आज्ञा वापरून तो स्क्रीनवर अदृश्य करायचा, वर एक साधासा प्रश्न लिहायचा. तुम्ही 'रिप्लाय' दाबता, उत्तर देता, आणि खाली उद्धृत मजकुरात ती उलगडलेली गुप्त मेल अदृश्यपणे परत जाते. चित्र नाही, सर्व्हर नाही. पाठवणारे तुम्हीच! त्याच वर्षी दुसऱ्या पेपरमध्ये त्यांनी खोट्या सह्यांचे प्रकार दाखवले. त्यातला एक तर फारच साधा: 'सही वैध' अशी हिरवी खूण मेलच्या आतच एचटीएमएलनं रंगवायची.

म्हणून माझं मत: २०१८ च्या पेपरनं रोग बरोबर पकडला, पण नाव चुकीच्या अवयवाचं दिलं. मेलमधला मजकूर जोवर आज्ञा म्हणून पाळला जातो, तोवर कुलूप कितीही चांगलं असो, दुसरी कुठली तरी वाट निघतेच.

पेपरवरचा एक आक्षेप मात्र मला पटत नाही. 'हल्लेखोराकडे आधी एन्क्रिप्टेड मेल असायला हवी, म्हणजे धोका लांबचा' असं काही जण म्हणाले. अहो, एन्क्रिप्शन करतो कशासाठी? मेल वाटेत कुणाच्या तरी हाती पडेल, असं धरूनच ना? शिवाय पेपरमधला एक मुद्दा लहान दिसतो पण महत्त्वाचा आहे. एक मेल पाच जणांना पाठवली तर धोक्यात सहा जणांची मशीन्स असतात, पाठवणाऱ्याचं धरून. तुम्ही एकट्यानं सगळी सेटिंग नीट केलीत आणि तुमच्या को-गाईडनं केली नाहीत, तर तुमचा अप्रकाशित डेटा त्यांच्या मशीनमधून जाईल. खरी उणीव वेगळीकडे आहे. पेपर क्लायंट मोजतो, माणसं मोजत नाही. लोक सेटिंग काय ठेवतात, 'चित्रं दाखवा' हे बटण किती सहज दाबतात, याबद्दल त्यात काही हाती लागत नाही. हा विषय कुणाला घ्यायचा असेल तर जागा आहे.

'आम्ही कुठे पीजीपी वापरतो?' असं मनात आलं असेलच. ठीक, साध्या मेलकडे या. प्रिन्स्टनच्या स्टीव्हन एंगलहार्ट, जेफ्री हान आणि अरविंद नारायणन यांचाही २०१८ चाच पेपर आहे. त्यांनी ९०२ संकेतस्थळांकडून आलेल्या १२,६१८ मेल तपासल्या. ८५ टक्के मेलमध्ये तिसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवरचा मजकूर बसवलेला होता, आणि सुमारे २९ टक्के मेल नुसती उघडली तरी तुमचा ई-मेल पत्ता त्या तिसऱ्याकडे पोचत होता. तीच युक्ती, चित्राचा पत्ता. तुम्हाला 'आदरणीय संशोधक' म्हणून पेपर मागणाऱ्या भुरट्या जर्नलांच्या मेल येतात ना, त्या उघडल्या की हा माणूस जिवंत आहे आणि मेल वाचतो, हे त्यांना असंच कळू शकतं.

मी स्वतः काय करते ते सांगते. पहिलं, बाहेरची चित्रं आपोआप उघडणं बंद. जीमेल २०१३ पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे तुमचं ठिकाण झाकलं जातं, पण प्रत्येकासाठी वेगळा पत्ता बनवलेला असेल तर मेल उघडल्याचं तरीही कळतं. म्हणून सेटिंगमध्ये 'बाह्य चित्रं दाखवण्यापूर्वी विचारा' हा पर्याय निवडलाय. दुसरं, कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये मेलचा मजकूर साध्या रूपात दाखवायची सोय व्ह्यू मेनूत आहे, ती कायम चालू. याचा सगळ्यात मोठा फायदा गुप्तहेरांशी संबंधित नाहीच. एचटीएमएलमध्ये दिसणारी लिंक एक आणि जाणारी दुसरीकडे असू शकते. साध्या रूपात खरा पत्ता सहसा समोर येतो. मागच्या वर्षी 'तुमच्या पेपरचं प्रूफ तयार आहे, लॉग-इन करा' अशी मेल आली होती. पेपर खरंच एका जर्नलकडे गेलेला, त्यामुळे हात माऊसकडे गेलाच होता. साध्या रूपात पत्ता भलत्याच नावाचा दिसला म्हणून वाचले. तिसरं, स्वतः मेल लिहिताना साधा मजकूरच. आणि जे खरोखर गुप्त आहे, ते एन्क्रिप्टेड फाईल म्हणून घ्यायचं आणि मेलच्या सॉफ्टवेअरच्या बाहेर उलगडायचं. ई-फेलवाल्यांचा तातडीचा सल्लाही हाच होता, आणि त्यावर माझं काही भांडण नाही.

त्रास होतो, हे खोटं नाही. जर्नलांच्या मेल ओबडधोबड दिसतात, तक्ते विस्कटतात. आणि फेलोशिपसंबंधीच्या सूचना एका कार्यालयाकडून अजून अशा येतात की मेलमध्ये एक शब्द नसतो, सगळी सूचना म्हणजे एक चित्र. माझ्याकडे ती कोरी दिसते. मग शेवटची तारीख कोणती, हे बघायला मी निमूटपणे 'चित्रं दाखवा' दाबते.