चकाकी मावळेपर्यंत

वासर हे अमेरिकेतलं, त्या काळी फक्त मुलींचं असलेलं कॉलेज. तिथल्या एमेलिन हार्ट्रिज या विद्यार्थिनीने चॉकलेट फजची कृती एका मैत्रिणीकडून मिळवली. बाल्टिमोरच्या एका किराणा दुकानात १८८६ साली हे फज ४० सेंटला पौंड विकलं जाई. पुढे १८८८ साली कॉलेजच्या लिलावासाठी आपण ३० पौंड फज केलं, असं तिने पत्रात नोंदवून ठेवलं आहे. ३० पौंड म्हणजे सुमारे साडेतेरा किलो! तिची ती कृती मी कवितेसारखी पुन्हा पुन्हा वाचते.

सामान चारच जिनसांचं: दोन कप साखर, एक कप क्रीम, दोन औंस बिनसाखरेचं चॉकलेट, एक मोठा चमचा लोणी. खरी गोडी क्रमात आहे. आधी साखर आणि क्रीम तापतं. ते चांगलं कढत झालं की चॉकलेट पडतं. लोणी येतं ते पातेलं उतरवल्यावर.

पाक कुठवर न्यायचा? वाटीभर गार पाण्यात थेंब सोडला की बोटांत मऊ गोळी वळली पाहिजे. हा आपला गोळीबंद पाक. थर्मामीटरवर साधारण ११२ ते ११५ अंश सेल्सिअस. नारळाच्या वड्या करणारा हात इथवर सहज येतो. पुढे मात्र तीच सवय आडवी येते. वडीचं मिश्रण आपण कडा सुटेपर्यंत आचेवर घोटतो आणि गरम असतानाच थापतो. फज उतरवलं की त्याला हात लावायचा नाही.

कृतीत यासाठी एवढंच आहे: जरा निवू द्या. माझ्या मते सगळी कला या तीन शब्दांत आहे. त्या पाकात साखर मावेल त्याहून जास्त विरघळलेली असते. कढत असताना ढवळलं तर मोजकेच कण धरतात आणि तेच वाढत जातात. माझं पहिलं फज असंच किरकिरीत झालं होतं. पाक ४५ अंशांच्या आसपास आला, पातेल्याचा तळ तळहाताला कोमट लागला, की मग घोटायचं. आता असंख्य बारीक कण एकदम धरतात, एकालाही मोठं व्हायला वाव राहत नाही आणि वडी जिभेवर लोण्यासारखी विरते. कलाकंदात रवाळपणा हा गुण, इथे तो दोष.

घोटायचं ते दाट होऊ लागेपर्यंत, असं कृती म्हणते. त्यात माझी एक खूण: आरशासारखी चकाकी मावळली की त्या क्षणी थांबायचं. लगेच लोणी लावलेल्या ताटात ओतायचं आणि पुरतं घट्ट होण्याआधी शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे.

कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवून झटपट होणारी वडीही चवीला छान लागते. पण ती गोठलेली असते, जमून आलेली नसते.

तेव्हा पातेलं उतरवलंत की चमचा धुऊन फडताळात ठेवा, आणि तळ कोमट होईपर्यंत काढू नका.