मळ्याचा धनी कोठे गेला?

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला जाऊन बापू कुटी पाहून आलेल्या आपल्या कुटुंबांना ‘सर्वोदय’ हा शब्द परका नाही. त्याचे मूळ प्रभू येशूच्या एका दाखल्यात आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. या एका शब्दाच्या भाषांतरात काय आले आणि काय सुटले, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

जॉन रस्किन यांचे अर्थनीतीवरील चार निबंध 1860 मध्ये नियतकालिकातून आणि 1862 मध्ये ‘अन्टू धिस लास्ट’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. हे नाव संत मत्तयच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातले. द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पहाटेच्या मजुराइतकेच वेतन देतो आणि पहाटेचे मजूर कुरकुरू लागतात. ‘या शेवटल्यालाही’ हा त्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ. गांधीजींनी हे पुस्तक 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेत आगगाडीच्या प्रवासात वाचले व 1908 मध्ये त्याचा गुजराती सारांश लिहिला. नावाचे शब्दशः भाषांतर बायबल न वाचलेल्यांना कळणार नाही, म्हणून ग्रंथाचा हेतू लक्षात घेऊन त्यांनी ‘सर्वोदय’ हा शब्द योजिला. 1936 पासून ते सेवाग्रामला राहिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, मार्च 1948 मध्ये, सर्वोदय समाजाची स्थापना तेथेच झाली.

शब्द थोर आहे, यात शंका नाही. तरीही भाषांतरात ‘शेवटला’ जाऊन ‘सर्व’ आले. पुढे ‘अंत्योदय’ हा शब्द रूढ झाला. 2000 साली तो सरकारी अन्न योजनेच्या नावातही आला. अशा रीतीने शेवटला माणूस परत आला. मळ्याचा धनी मात्र परतला नाही. गांधीजी ईश्वरनिष्ठ होते. त्याला वगळण्याचा त्यांचा हेतू नव्हता. रस्किनना दाखल्यात न्याय्य वेतनाचा प्रश्न दिसला आणि रस्किनच्या ग्रंथातून गांधीजींना श्रमाची समान प्रतिष्ठा उमगली. यांतले काहीच चूक नाही. पण दाखल्याचे मर्म त्याच्या शेवटच्या संवादात आहे. पहिल्या मजुरांना ठरल्यापेक्षा कमी मिळालेले नाही; दुसऱ्याला मिळाले, हे त्यांना सोसत नाही.

हाच प्रसंग वर्ध्याच्या एखाद्या पऱ्हाटीच्या शेतात कल्पून पाहावा. सायंकाळी वेचलेला कापूस काट्यावर चढतो आणि किलोप्रमाणे मजुरी मिळते. उन्हे कलताना आलेल्या बाईने ओंजळभर कापूस ठेवला आणि शेतकऱ्याने तिच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवली, तर धुऱ्यावर कोणती कुजबुज होईल, हे कोणी सांगावयास नको. काटा आवश्यकच आहे; तो नसेल तर मजूर नाडला जातो. प्रभू येशू काटा मोडत नाही. देणाऱ्याचे औदार्य काट्यापाशी थांबत नाही, एवढेच तो दाखवितो. देणाराच दृष्टीआड झाला, तर न्याय मागता येईल. पण उपकार कोणाचे मानावयाचे? ‘सर्वोदय’ या भाषांतरावर आमचा आक्षेप आहे तो हा.

परंतु हा आक्षेप घेताना आपण सुटत नाही. धन्याचे नाव आपणांस ठाऊक आहे. ‘युखरिस्त’ या शब्दाचा मूळ अर्थच उपकारस्तुती, आणि तिच्यासाठी आपण दर रविवारी वेदीभोवती जमतो. तरीही कोणाच्या आजोबांनी चर्चसाठी विटा वाहिल्या, कोणाचा बाप्तिस्मा कालपरवाचा, पुढच्या बाकावर कोणी बसावे, याचा हिशेब धर्मग्रामात चालूच असतो. सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांनी धन्याचे नाव न घेता शेवटल्याचा शोध घेतला. आपण नाव घेतले आणि शेवटल्याला दाराशी उभे केले. यांतली कोणती वगळ अधिक गंभीर, हे ज्याने त्याने मिस्साला जाताना स्वतःला विचारावे. अब्राहामापासून मोजावयाचे झाले, तर आपण सारेच दिवस मावळताना आलेले मजूर आहोत.