दडपण आणि एक शतांश सेकंद

आपल्या क्रीडालेखनात ‘दडपण’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. खेळाडू हरला की दडपणाखाली हरला, जिंकला की दडपण झुगारून जिंकला. दोन्हीकडे चालणारा शब्द काहीच सांगत नाही.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचेच पाहा. २०१८ची जकार्ता आशियाई स्पर्धा, ५० मीटर फ्रीस्टाइल. प्राथमिक फेरीत त्यांनी २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत २२.४७, आणि कांस्य गेले २२.४६वाल्या जपानी जलतरणपटूकडे. एक शतांश सेकंद म्हणजे त्या वेगात सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचे एक पेर. प्राथमिक फेरीचा वेग टिकता तर पदक होते. मग सोपा निष्कर्ष निघतो: अंतिम फेरीत छाती धडधडली, उडी उशिरा पडली.

हा निष्कर्ष आधी मोजमापापाशीच अडतो. जलतरणात प्रतिक्रियेची वेळ म्हणून झळकणारा आकडा साधारण ०.६ ते ०.७ सेकंदांचा असतो. इशाऱ्यापासून पाय ब्लॉकवरून सुटेपर्यंतचा तो सगळा काळ. कान, मेंदू, स्नायू हा प्रवास त्यातला लहान वाटा. बाकी वेळ रेटा देण्याचा. जोरकस रेटणाऱ्याचा आकडा किंचित मोठा येऊनही तो पाण्यात पुढे असू शकतो. या आकड्यावरून कोणाचे मन वाचायचे?

छातीचेही तसेच. अमेरिकेतल्या जॉन आणि बिअ‍ॅट्रिस लेसी या दांपत्याने दाखवले की ठरावीक अंतराने येणाऱ्या इशाऱ्याची वाट पाहताना हृदयाचे ठोके क्षणभर मंदावतात. भीतीने वाढलेली धडधड आणि ही एकाग्र वाट पाहणे एकाच शरीरात शेजारी नांदतात.

उत्तेजना वाढली की काम बिघडते, याच्या पुष्ट्यर्थ यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८चा प्रयोग हमखास सांगितला जातो. तो उंदरांवरचा होता, विजेच्या झटक्यांचा. त्यात अवघड निवड मध्यम झटक्याने लवकर शिकली गेली. सोपी मात्र तीव्र झटक्यानेच. इशारा ऐकून उडी मारणे हे सोपे काम. मग उत्तेजनेने ते सुधारायला हवे! अवघड आहे ते इशाऱ्याआधी न हलणे. एकदा चूक झाली की स्पर्धक बाद.

आमच्या माढ्याकडे विहिरीच्या काठावर उभा पोरगा घाबरतो, पण मुटका कधी मारायचा ते तोच ठरवतो. ब्लॉकवरच्या माणसाचा क्षण दुसऱ्याच्या हातात असतो. सराव करायचा तो या ताटकळण्याचा, आणि ‘दडपण’ म्हटले की नेमके तेच नजरेआड होते.

आणखीही एक गोष्ट नजरेआड होते. २०१०मध्ये ग्वांगझू येथे ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य जिंकलेले खाडे पुढे तहसीलदार झाले. जकार्तात ते उतरले, ते सरकारी नोकरी सांभाळून.