इंडस क्रीड
इंग्रजी गीते सादर करणारा मुंबईचा एक नामवंत रॉक वाद्यवृंद. स्थापना १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने झाली. उदय बेनेगल (गायन), महेश तिनईकर (गिटार) व झुबिन बालापोरिया (की-बोर्ड) हे त्याचे प्रमुख कलावंत. पाश्चात्त्य गीतांचे हुबेहूब अनुकरण हीच त्या काळी अशा वृंदांच्या गुणवत्तेची कसोटी मानली जाई. ती नाकारून या वृंदाने स्वरचित गीतांचा आग्रह धरला. रॉक अँड रोल रेनेगेड (१९८८) व द सेकंड कमिंग (१९९०) हे गीतसंग्रह त्याचे फलित होत. त्यांतील रचना मात्र अमेरिकी हार्ड रॉकच्या साच्यातून पूर्णतः मुक्त नाहीत. १९९३ मध्ये वृंदाने प्रचलित नाव स्वीकारले. याच नावाच्या १९९५ च्या संग्रहात स्वतंत्र शैलीचा शोध अधिक जाणवतो. १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला; तथापि २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला व इव्हॉल्व्ह (२०१२) हा संग्रह प्रसिद्ध झाला. श्रोतृवर्ग मुख्यत्वे इंग्रजी जाणणारा व नागर राहिला, ही त्याची मर्यादा होय. तरीही परभाषेत व परक्या संगीतप्रकारातही स्वतःचे गाणे रचता येते, हे त्याने दाखवून दिले. त्याच्या टिकून राहिलेल्या लोकप्रियतेचे मर्म यातच आहे.